अब्बांच्या वह्या

आमच्या घरात पावसाळा आला की एक प्रश्न हमखास विचारला जायचा. "कित्ते फूट हुआ?" सांगलीत राहणाऱ्या कुणालाही हा प्रश्न समजावून सांगावा लागत नाही. फूट म्हणजे आयर्विन पुलाजवळचे फूट. चाळीस झाले की इशारा, पंचेचाळीस झाले की धोका. दूधवाला, रिक्षावाला, शाळेतले सर, मशिदीतले मुअज्जिन, सगळे या एकाच भाषेत बोलतात. इतर गावांत लोक तापमान विचारतात, आम्ही नदी विचारतो.

फक्त माझे अब्बा या प्रश्नाचं उत्तर सरळ देत नसत. ते म्हणायचे, "आकडा बाद में पूछ, पैले जीरो कहाँ है पूछ."

लहानपणी मला वाटायचं, अब्बांना कोड्यात बोलायची सवय आहे. त्यांच्या त्या वाक्याचा अर्थ कळायला मला चाळीस वर्षं लागली, आणि तो कळेपर्यंत बरंच काही वाहून गेलं होतं.

अब्बा नदी मोजायचे. सरकारी नोकरी होती, पद लहान होतं. कृष्णेवरच्या एका जलमापन केंद्रावर ते गेज रीडर होते. काठावर पायऱ्यापायऱ्यांनी उभ्या केलेल्या पट्ट्या, त्यांवर काळ्यापांढऱ्या खुणा. एरवी ठरलेल्या वेळा, सकाळी आठचं वाचन कधी चुकायचं नाही. पावसाळ्यात मात्र तासातासाला. रात्री दोन वाजताही टॉर्च घेऊन उतरायचं, पट्टीवर पाणी कुठवर आलंय ते बघायचं, नोंदवहीत लिहायचं आणि बिनतारी यंत्रावरून वर कळवायचं. पाण्याचा वेग मोजायला वाट्यावाट्यांचं फिरतं यंत्र असायचं, त्याला सगळे करंट मीटर म्हणत. पाण्याच्या धारेत ते सोडायचं, वाट्या किती वेळा फिरल्या ते मोजायचं. वेगाला पात्राच्या छेदाने गुणलं की विसर्ग निघतो. तेच ते क्युसेक. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, साधारण अठ्ठावीस लिटर. हा हिशेब मला पाढ्यांबरोबरच शिकवला गेला.

सरकारी नोंदवही कार्यालयात जमा व्हायची. अब्बा मात्र घरी आल्यावर तेच आकडे एका वेगळ्या वहीत उतरवून ठेवायचे. दर पावसाळ्याला एक वही. १९७९ ला कामावर लागले, २०११ च्या मार्चमध्ये निवृत्त झाले. बत्तीस पावसाळे, बत्तीस वह्या. प्रत्येक वहीच्या पहिल्या पानावर ते एकच गोष्ट लिहायचे: त्यांच्या केंद्रावरच्या पट्टीचं शून्य समुद्रसपाटीपासून किती मीटरवर आहे आणि आयर्विन पुलाजवळच्या पट्टीचं शून्य किती मीटरवर आहे. पुढच्या पानांवर रकाने. तारीख, वेळ, आमच्याकडे पाणी किती, सांगलीत किती, आणि शेवटच्या रकान्यात 'तास'. म्हणजे आमच्याकडचा चढ सांगलीत किती तासांनी दिसला. त्या रकान्यासाठी ते सुटीच्या दिवशी सायकलवरून पुलापर्यंत जायचे. अम्मी चिडायची. "पगार नै मिलता इसका," म्हणायची. अब्बा हसायचे.

या वहीत आणखी एक नोंद होती. आमच्या घराचा उंबरठा म्हणजे पुलाजवळचे ५२ फूट. हे त्यांनी लांब पारदर्शक नळीत पाणी भरून, गवंडी लोक लावतात तशी पातळी लावत लावत काढलं होतं. २००५ च्या पुरात सांगलीत पाणी ५३ फुटांच्या वर गेलं, तेव्हा आमच्या घरात पावणेदोन फूट पाणी आलं. अब्बांचा हिशेब बरोबर निघाला. त्यांनी भिंतीवर खिळ्याने रेघ मारली आणि खाली तारीख घातली. पुढे घराला रंग दिला तेव्हा रंगाऱ्याला बजावलं, ही रेघ सोडून रंगव.

२०१४ मध्ये अभियांत्रिकी शिकणारी एक मुलगी घरी आली. पुरावर तिचा अभ्यास चालला होता. कुणीतरी तिला सांगितलं होतं की या मोहल्ल्यात एक चाचा आहेत, त्यांच्याकडे नदीच्या वह्या आहेत. मी त्या दिवशी घरीच होतो. मी अब्बांना बाजूला घेऊन म्हणालो, सरकारी आकडे आहेत, असे बाहेर द्यावेत का? अब्बा जरा विचारात पडले. उभी हयात त्यांनी 'कार्यालयीन माहिती बाहेर देऊ नये' हे ऐकण्यात काढली होती. मग म्हणाले, "पूर क्या सरकारी है?" आणि ट्रंक उघडली. तिने त्या दुपारी मोबाईलवर २००५ ची अख्खी वही आणि इतर वह्यांची थोडी पानं टिपून घेतली. अम्मीने तिला शिरखुर्मा खाऊ घातला, ईद नुकतीच होऊन गेली होती.

२०१६ ला अब्बा गेले. पुढच्या वर्षी त्या मुलीचा फोन आला. सगळ्या वह्या स्कॅन करून दिल्यात तर फार उपयोग होईल, मी येऊन करते, म्हणाली. मी पुण्यात असतो, सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. मी म्हटलं, मीच करतो, घरात मशीन आहे, ईदला येईन तेव्हा. ती ईद गेली, दुसरी गेली. खरं सांगायचं तर आळस होताच, पण दुसरंही काहीतरी होतं. अब्बांच्या हातचं अक्षर होतं ते. जगाला कशाला द्यायचं, असं कुठेतरी वाटत होतं. हेच खातं देईना म्हटलं असतं तर मी 'पारदर्शकता नाही' म्हणून फेसबुकवर लिहिलं असतं.

मग २०१९ चा ऑगस्ट आला.

सहा ऑगस्टला संध्याकाळी धाकट्या भावाचा फोन आला. पाणी वेगाने चढत होतं. सूर्यवंशी प्लॉट, दत्तनगर, कर्नाळ रस्ता हे भाग नेहमीच आधी बुडतात, ते केव्हाच बुडाले होते. आमच्या गल्लीत चर्चा एकच, निघायचं की थांबायचं. मोबाईलवर आकड्यांचा पूर वेगळाच. कुणी म्हणे ५० फूट, कुणी म्हणे ५३, कुणी म्हणे रात्रीत ६० होणार, कुणी म्हणे कोयना फुटलं. अम्मी म्हणाली, "तेरे अब्बा रैते तो बताते." भाऊ म्हणाला, "तू तिकडे कॉम्प्युटरवर बघून सांग."

मी बघितलं. एका संकेतस्थळावर नदीची पातळी होती. पण ती मीटरमध्ये, समुद्रसपाटीपासूनची. पाचशेच्या पुढचा आकडा, दशांशात. मला हवे होते पुलाजवळचे फूट. मीटरचे फूट करणं सोपं आहे, एक फूट म्हणजे ०.३०४८ मीटर. पण कुठून मोजायचं? पट्टीचं शून्य किती मीटरवर आहे? तो आकडा अब्बांच्या प्रत्येक वहीच्या पहिल्या पानावर होता आणि वह्या ट्रंकेत होत्या. फोनवर भावाला पान उघडायला सांगायचं मला सुचलं नाही. इंटरनेटवर कुठल्याशा बातमीत एक आधार सापडला, त्यावरून मी हिशेब केला. शिवाय ते वाचन काही तासांपूर्वीचं होतं, हेही मी नीट पाहिलं नाही. मी भावाला सांगितलं, अजून चार-पाच फुटांची जागा आहे, सकाळी आरामात निघा.

माझा शब्द आमच्या घरापुरता राहिला नाही. "नदी मोजणाऱ्याच्या पोराने सांगितलंय" म्हणून तो गल्लीतल्या आणखी चार घरांत गेला.

रात्री दोनच्या सुमारास पाणी उंबरठ्यावर आलं. अम्मी, भाऊ, त्याची बायको, पोरं, शेजारच्या आजी, सगळे समोरच्या दुमजली घराच्या गच्चीवर गेले. दुसऱ्या दिवशी दुपारी नाव आली. त्याच्या पुढच्या दिवशी ब्रह्मनाळला बचावाची नाव उलटून माणसं बुडाल्याची बातमी आली, तेव्हा मी पुण्यात फोन हातात धरून कितीतरी वेळ नुसता बसून होतो. आमची माणसं वाचली यात माझं काहीच नव्हतं. शेजारच्या टेलरकाकांची दोन शिलाई मशिनं आणि लोकांचे शिवायला आलेले कपडे गेले. त्यांनी मला आजवर एका शब्दाने विचारलेलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं.

१२ ऑगस्टला बकरी ईद होती. ती मिरजेच्या एका शाळेतल्या छावणीत झाली. अनेकांनी त्या वर्षी कुर्बानीचा खर्च कमी करून पैसे पूरग्रस्तांना दिले. आमच्या छावणीतल्या पंगतीत कोण कुठल्या गल्लीचा हे कुणी विचारत नव्हतं.

पाणी ५७ फुटांच्याही वर गेलं होतं. भावाने निघताना ट्रंक टेबलावर ठेवली होती. भिंतीवरच्या रेघेच्या वर दोन फूट, म्हणजे भरपूर झालं, असा त्याचा हिशेब. चुकीचा म्हणता येणार नाही, आम्ही पाहिलेला सगळ्यात मोठा पूर त्या रेघेपर्यंतच आला होता. आठवड्याने दार उघडलं तेव्हा ट्रंक चिखलात आडवी पडली होती. अब्बा शाईचं पेन वापरायचे. आतली पानं निळी झाली होती, सगळी सारखीच निळी. बत्तीस वर्षं जिला मोजलं, तिनेच येऊन आपला हिशेब पुसून टाकला. शेवटच्या तीन वह्या बॉलपेनच्या होत्या, तेवढ्या पंख्याखाली वाळवून थोड्याफार वाचता आल्या.

त्यानंतर मी या विषयाचं वाचायला लागलो. तोवर मला वाटायचं, नदीची माहिती लोकांपर्यंत पोचत नाही याचं कारण एकच, ती कुणीतरी दाबून ठेवतं. हे काही प्रमाणात खरंही आहे. आपल्याकडे गंगा, ब्रह्मपुत्रा आणि सिंधू खोऱ्यांतल्या प्रवाहाचे आकडे आजही गोपनीय वर्गात मोडतात. कारण त्या नद्या सीमा ओलांडतात. कृष्णा त्यात नाही. कृष्णेचं भांडण घरातलंच, महाराष्ट्र, कर्नाटक आणि खालच्या राज्यांचं. दर पुरात अलमट्टीचा वाद निघतो. त्यात कोण बरोबर हे मी सांगू शकत नाही. एवढंच वाटतं की वरच्या धरणातून किती सुटलं आणि खालच्या धरणात किती पातळी आहे, हे दोन्ही आकडे एकाच वेळी, एकाच मापात सगळ्यांसमोर असतील, तर निम्मं भांडण कमी होईल.

पण दाबून ठेवण्यापेक्षाही मोठी अडचण वेगळी आहे, हे हळूहळू कळलं. आकडे असतात, पण ते एकमेकांशी बोलत नाहीत. एका खात्याचे फुटात, दुसऱ्याचे मीटरमध्ये. एकजण धरणाचा साठा टीएमसीत सांगतो, म्हणजे अब्ज घनफुटांत, तर दुसरा दशलक्ष घनमीटरमध्ये. एकाच्या वहीत 'पातळी' म्हणजे पट्टीवरची, दुसऱ्याच्या वहीत समुद्रसपाटीपासूनची.

ही अडचण आपल्यापुरती नाही. अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण खात्याचं नद्या मोजायचं पहिलं केंद्र १८८९ मध्ये न्यू मेक्सिकोतल्या एम्बुडो इथे निघालं. आज तिथल्या भूगर्भ सर्वेक्षण खात्याचे हजारो नद्यांचे आकडे कुणालाही घरबसल्या फुकट दिसतात. तरीही त्यांच्या विद्यापीठांना २००१ मध्ये 'कुआहसी' नावाचा एक संघ काढावा लागला. कारण एक खातं ज्याला 'डिस्चार्ज' म्हणतं त्यालाच दुसरं 'स्ट्रीमफ्लो' म्हणतं, आणि संगणकाला हे दोन्ही एकच आहेत हे कुणी सांगितल्याशिवाय कळत नाही. त्यांनी काढलेली तोड मला फार आवडली. सगळ्यांचे आकडे उचलून एका गोदामात भरायचे नाहीत. ज्याचे आकडे त्याच्याकडेच राहू द्यायचे. फक्त प्रत्येकाने ते एका ठरलेल्या नमुन्यात मांडायचे, कुठे काय आहे याची एक सामाईक सूची करायची, आणि वाचणाऱ्याला एक साधन द्यायचं, ज्याने तो सूचीतून शोधून थेट त्या त्या वहीपर्यंत पोचेल. त्या नमुन्याला 'वॉटर एमएल' नाव दिलं. २०१२ मध्ये त्याची दुसरी आवृत्ती आंतरराष्ट्रीय मानक झाली. त्यात नुसता आकडा टाकता येत नाही. जागा, वेळ, एकक, कसं मोजलं, कुठून मोजलं, हे सगळं आकड्याबरोबर यावं लागतं.

हे वाचताना मी थांबलो. कारण ही तर अब्बांची वही होती. पहिल्या पानावर शून्य, मग रकाने.

आपल्याकडेही काम झालं आहे, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. जलविज्ञान प्रकल्पाचा पहिला टप्पा १९९५ मध्ये जागतिक बँकेच्या मदतीने सुरू झाला. अब्बांच्या पिढीच्या नोंदवह्या संगणकात चढल्या त्या तेव्हापासून. दुसऱ्या टप्प्यात कृष्णा आणि भीमा खोऱ्यांत पाऊस आणि पातळी आपोआप कळवणारी यंत्रं बसली. २०१६ मध्ये सुमारे ३६८० कोटींचा राष्ट्रीय जलविज्ञान प्रकल्प मंजूर झाला. 'इंडिया-डब्ल्यूआरआयएस' हे संकेतस्थळ २०१० पासून आहे. त्यावर नद्या, धरणं, पाऊस, भूजल असं बरंच काही एका नकाशावर दिसतं. महाराष्ट्राची भूजल यंत्रणा तर १९७२ च्या दुष्काळातली. राज्यभरातल्या हजारो निरीक्षण विहिरींची पातळी ती वर्षातून चार वेळा मोजते. तुमच्या गावातही अशी एखादी विहीर असेल. तिच्या कठड्यावर खूण असते, ती खूण म्हणजे तिचं शून्य. पण ती विहीर गेल्या वीस वर्षांत किती खाली गेली, हे गावात किती जणांना माहीत असतं? २०१९ च्या डिसेंबरात सुरू झालेल्या अटल भूजल योजनेत गावकऱ्यांनीच विहीर मोजावी आणि आकडा गावातल्या फलकावर लिहावा अशी सोय होती. मला यातली फलकाची गोष्ट सगळ्यात महत्त्वाची वाटते. माहिती दिल्लीच्या संगणकात गेली की अर्धं काम झालं. ती गावात परत आली की उरलेलं अर्धं होतं.

वाचता वाचता मी कैरोला जाऊन पोचलो. तिथे नाईल नदीतल्या रौदा बेटावर एक जुनं नदीमापक आहे, मिक्यास. ८६१ साली, अब्बासी खलिफा मुतवक्किल यांच्या काळात ते बांधलं गेलं. खाली उतरत जाणारी खोल दगडी विहीर, मधोमध अष्टकोनी खांब, खांबावर हातांच्या खुणा. नदीचं पाणी बोगद्यांतून आत यायचं आणि खांबावर चढायचं. सोळा हात झाले की वर्ष चांगलं, पिकं येणार, सारा वसूल होणार. पुराच्या दिवसांत दवंडी पिटणारे रोज शहरभर फिरून नदी किती चढली ते सांगायचे. बाराशे वर्षांपूर्वीचं "कित्ते फूट हुआ?"

पण त्यात एक गोष्ट वाचून मी दचकलो. फातिमी खलिफा मुइज्ज यांनी ९७३ च्या सुमारास हुकूम काढला की सोळा हात पूर्ण होईपर्यंत नदीचा आकडा लोकांना सांगायचा नाही. तो फक्त खलिफाला आणि त्यांच्या सेनापतीला, जौहरला, कळवायचा. मकरीझी या इतिहासकाराने ही हकिकत नोंदवली आहे आणि हुकमाचं कौतुकही केलं आहे. कारण असं की नदी जरा थबकली की लोक घाबरायचे, धान्य दडवायचे आणि भाव चढायचे. पंधराव्या शतकातल्या मकरीझींना जे कारण पटलं, तेच आजही साहेबलोक सांगतात. 'लोकांमध्ये घबराट नको.'

मला ते कारण पूर्ण खोटं म्हणता येत नाही. सहा ऑगस्टची रात्र मी पाहिली आहे, घबराट काय असते ते माहीत आहे. पण त्या रात्री घबराट आकड्यामुळे झाली नव्हती. दहा आकडे होते आणि एकालाही शून्य नव्हतं, त्यामुळे झाली होती. ज्यांना आमच्या गल्लीचा उंबरठा किती फुटांवर आहे हे माहीत असतं, त्यांनी शांतपणे सामान वर ठेवून दार लावलं असतं. लपवलेला आकडा आणि शून्य नसलेला आकडा, दोन्ही माणसाला सारखेच आंधळं करतात.

आणि त्या मिक्यासचे आकडे आज कुठे आहेत? ते खलिफाच्या दफ्तरामुळे टिकले नाहीत. इतिहासकारांनी ते आपापल्या ग्रंथांत उतरवून घेतले म्हणून टिकले. इब्न तग्रीबिर्दी तर प्रत्येक वर्षाच्या हकिकतीच्या शेवटी त्या वर्षी नाईल किती उतरली आणि किती चढली हे लिहीत गेले. विसाव्या शतकात इजिप्तमध्ये काम करणाऱ्या हर्स्ट या अभियंत्याने हेच आकडे घेऊन १९५१ मध्ये दाखवलं की नदीची ओली वर्षं ओल्या वर्षांना आणि कोरडी कोरड्यांना चिकटून येतात. धरण किती मोठं बांधायचं, याचा विचार त्यामुळे बदलला. पुढे १९६८ मध्ये मँडेलब्रॉट आणि वॉलिस या दोघांनी या गुणाला 'जोसेफ परिणाम' असं नाव दिलं. जोसेफ म्हणजे आपले युसुफ अलैहिस्सलाम, सात सुकाळाची आणि सात दुष्काळाची वर्षं. आज इसवी सन ६२२ ते १२८४ या ६६३ वर्षांचे नाईलचे आकडे जगातला कुठलाही विद्यार्थी संगणकावर एका क्षणात उघडतो. त्यातही तज्ज्ञ एक गोष्ट बजावतात. नदीचा तळ गाळाने वर येत गेला, त्यामुळे सुरुवातीचे सोळा हात आणि नंतरचे सोळा हात एक नव्हेत. कैरोतही पैले जीरो कहाँ है पूछ!

वह्या गेल्यावर दोन-तीन महिन्यांनी मी धीर करून त्या मुलीला फोन केला. ती आता प्राध्यापक झाली आहे. मी म्हटलं, माफ करा, वह्या गेल्या. ती बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "चाचांनी दिलेली पानं आहेत माझ्याकडे." त्याच रात्री तिने सगळे फोटो पाठवले. २००५ ची वही पूर्ण, इतर वह्यांची थोडी पानं आणि पहिलं पान. शून्याचं पान. अब्बांचं निळं अक्षर, जसंच्या तसं.

अम्मीला ते मोबाईलवर दाखवलं. तिने बोटांनी मोठं करून बघितलं आणि म्हणाली, "जो दिया, वोइच बच्या."

हजरत उस्मान यांनी मदिनेतली रूमाची विहीर विकत घेऊन सगळ्यांना खुली केली, ही गोष्ट आपल्यातल्या प्रत्येक मुलाला सांगितली जाते. विहीर वक्फ करता येते हे मला माहीत होतं. विहिरीत पाणी किती आहे हा आकडाही वक्फ करता येतो, हे मला अब्बांनी ट्रंक उघडून दाखवलं होतं. मी त्या ट्रंकेला पुन्हा कुलूप घातलं.

मग जे उरलं होतं तेवढ्याचं काम केलं. त्या प्राध्यापकबाईंच्या मदतीने सगळी पानं रकान्यांत उतरवली. एकक, वेळ, जागा आणि शून्य लिहिलं, 'खासगी नोंद, अधिकृत नाही' हेही लिहिलं, आणि कुणालाही घेता येईल असं ऑनलाइन ठेवलं. गल्लीतल्या पोरांनी नळीत पाणी भरून अब्बांसारखीच पातळी लावत प्रत्येक गल्लीचा उंबरठा किती फुटांवर ते काढलं. टेलरकाका त्यात नळी धरायला होते. त्याचा एक तक्ता केला. तो मशिदीच्या फलकावर लागला, चौकातल्या गणेश मंडळाच्या फलकावर लागला आणि रेशन दुकानातही लागला.

२०२१ च्या जुलैत पुन्हा पूर आला. पाणी ५४ फुटांच्या वर गेलं. या वेळी मशिदीच्या माईकवरून दर दोन तासांनी अधिकृत आकडा सांगत होते. "पुलाजवळ ४७ फूट. मागच्या गल्लीने आता निघावं." जुन्या कैरोतले दवंडीवाले असेच फिरत असतील. अम्मी ४८ फुटांवर निघाली. आमचं घर बुडालंच, तक्त्याने पाणी थांबत नाही. पण काकांची नवी मशिनं त्या वेळी मिरजेला माझ्या मावसभावाच्या हॉलमध्ये होती.

तुमच्याही घरात अशा वह्या असतील. पाटकऱ्याच्या, विहीर मोजणाऱ्या आजोबांच्या, पर्जन्यमापक सांभाळणाऱ्या शाळामास्तरांच्या. आज संध्याकाळीच मोबाईल घ्या आणि पहिल्या पानापासून फोटो काढा. आकडा फुटात की मीटरमध्ये, कुठे मोजला, कुठून मोजला, हे ज्या म्हाताऱ्या माणसाला माहीत असेल, त्याला आजच विचारून घ्या. आणि ते फोटो निदान दोन माणसांना पाठवून ठेवा.

ईदला करतो म्हणू नका.